ग्रंथकार जोतीराव आणि त्यांचे श्रोते

चैत्री पौर्णिमेस वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालानें माखून निघतो, आणि सासनकाठ्या नाचवीत आलेल्या यात्रेकरूंच्या मुखीं ज्योतिबाखेरीज दुसरें नांव नसतें. याच यात्रेच्या दिवशीं, १८२७ सालच्या एप्रिल महिन्यांत, पुण्यांतील एका फुलमाळ्याच्या घरीं मुलगा जन्मला, व करवीरच्या या देवाचें नांव त्यास ठेवण्यांत आलें, असें चरित्रकार सांगतात. तो मुलगा म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले. देवाच्या नांवाचा हा मुलगा पुढें देव व भक्त यांच्या मध्यें बसलेल्या दलालांस जन्मभर जाब विचारील, हें त्या दिवशीं कोणाच्या स्वप्नींही आलें नसेल.

जोतीरावांच्या शाळा, अस्पृश्यांस खुला केलेला त्यांच्या घरचा हौद व त्यांचा सत्यशोधक समाज यांविषयीं आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचिलें व ऐकिलें आहे. त्या गोष्टी पुनः विस्तारानें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. आज आम्ही बोलणार आहों तें ग्रंथकार जोतीरावांविषयीं. पाठीशीं प्रकाशक नाहीं, बक्षीस देणारी सभा अनुकूल नाहीं, विद्वानांचा अभिप्राय थट्टेचा, आणि ज्यांच्यासाठीं लिहावयाचें त्यांतील बहुतेकांस अक्षर ओळखतां येत नाहीं. अशा स्थितींत एक मनुष्य पस्तीस वर्षें लिहीत राहतो तो कोणाच्या बळावर? या प्रश्नाचें उत्तर जोतीरावांच्या चरित्रांत स्पष्ट सांपडतें, परंतु तिकडे आमच्या लोकांचें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं.

घराण्याचें मूळ उपनांव गोऱ्हे, मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण. पेशव्यांकडे फुलें पुरवूं लागल्यावर फुले हें नांव पडलें. आई चिमणाबाई मूल लहान असतांनाच वारल्या. शूद्राच्या मुलास शिकवून काय करावयाचें, असा सल्ला मिळाल्यावरून गोविंदरावांनीं मुलाची शाळा सोडविली. पुढें गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब या दोघां शेजाऱ्यांनीं गळ घातली म्हणून तो पुनः स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेला. त्याचें शिक्षण १८४७ सालीं संपलें. त्याच सुमारास थॉमस पेन याचें मनुष्याच्या हक्कांवरील पुस्तक त्याच्या हातीं पडलें. पेन हा इंग्लंडांतील एका कारागिराचा मुलगा. त्याचें तें पुस्तक १७९१-९२ सालीं निघालें, स्वस्त आवृत्त्यांतून कारागीर व मजूर यांच्या हातोहात गेलें, आणि सरकारनें त्याबद्दल त्याजवर राजद्रोहाचा खटला भरला. पुण्याच्या माळ्याच्या मुलानें या पुस्तकापासून मनुष्यमात्राच्या समतेचा विचार घेतला हें सर्वश्रुत आहे; पुस्तक कोणासाठीं लिहावयाचें, हेंही त्यानें तेथूनच घेतलें असावें असें आम्हांस वाटतें.

१८४८ सालीं बुधवार पेठेंतील भिडे यांच्या वाड्यांत जोतीरावांनीं मुलींची शाळा काढिली व पत्नी सावित्रीबाई यांस शिकवून तेथें शिक्षिका केलें. १८५२ सालीं विश्रामबागवाड्यांत सरकारनें शालजोडी देऊन त्यांचा सत्कारही केला. म्हणजे शिक्षणाचे कामीं मान मिळाला; पण लेखणी हातीं धरितांच अनुभव निराळा आला. १८५५ सालीं त्यांनीं ‘तृतीय रत्न’ नांवाचें नाटक लिहिलें. एक अडाणी शेतकरी, त्याची गरोदर बायको, ग्रहांची भीति घालून त्यांस लुबाडणारा जोशी, आणि मधून मधून टोमणे मारणारा विदूषक, असा त्याचा थाट आहे. शेवटीं तें जोडपें रात्रीच्या शाळेंत जाऊन लिहावयास शिकण्याचा निश्चय करितें. हें नाटक त्यांनीं दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें. पेशवाईंत विद्वान् ब्राह्मणांस जी दक्षिणा वांटीत, तिच्यांतील कांहीं रक्कम इंग्रज सरकारनें मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ बाजूस काढिली होती. त्या पैशाची ही कमिटी. तिनें नाटक नापसंत केलें. तें जोतीरावांच्या हयातींत छापून निघालें नाहीं. त्यानंतर चौदा वर्षें त्यांचें मोठें पुस्तक आलें नाहीं, यावरून तो घाव किती खोल गेला असेल याची कल्पना करावी.

१८६९ सालीं ते पुनः लिहूं लागले, आणि या वेळीं कोणत्याही कमिटीच्या दारांत गेले नाहींत. येथें आमच्या व्यापारी वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जोतीराव हे धंदेवाले गृहस्थ होते. ओतकामाच्या सामानाची विक्री त्यांनीं केली, सरकारी बांधकामांचे मक्ते घेतले, खडकवासल्याच्या धरणास सामान पुरविलें, मांजरीस शेती केली. लेखणीस ओशाळें होऊं न देणारी मिळकत त्यांस दुकान व मक्ता यांनीं दिली. ज्यास पोटासाठीं कोणाचें तोंड पाहावें लागत नाहीं, त्यासच मनांतलें मोकळेपणीं लिहितां येतें, हें त्यांस पक्कें कळलें होतें. ज्या पेठांस पैसा मिळविण्यापलीकडे कांहीं कळत नाहीं अशी विद्वानांची समजूत असते, तसल्याच एका पेठेंतून महाराष्ट्रांतील अत्यंत निर्भय ग्रंथ निर्माण झाले.

त्या साली शिवाजी महाराजांवरील त्यांचा पोवाडा व ‘ब्राह्मणांचें कसब’ हीं निघालीं, आणि १८७३ सालीं ‘गुलामगिरी’. हें शेवटचें पुस्तक त्यांनीं अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं तेथील हबशी गुलामांच्या मुक्ततेसाठीं झीज सोसली, त्यांस अर्पण केलें. अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें बंद होऊन तेव्हां जेमतेम आठ वर्षें झालीं होतीं. मिसिसिपीकांठचा कापूसमजूर व नीरेकांठचा महार यांची दुःखें एका सूत्रांत ओंवणारा मराठी ग्रंथकार त्यापूर्वीं आम्हांस ठाऊक नाहीं.

या पुस्तकांची घडण नीट पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्षांत येते. पोवाडा हा डफावर म्हणावयाचा. ‘गुलामगिरी’ हा जोतीराव व धोंडीराव यांचा संवाद, म्हणजे दोघांनीं मोठ्यानें वाचावयाचा. पुढें अखंड रचिले तेही गावयाचे. त्या काळीं या देशांत लिहितां वाचतां येणारे शंभरांत दहाही नव्हते, आणि शेतकरी व अस्पृश्य जातींत तर त्याहूनही फारच थोडे. तेव्हां गांवांत ज्या एका मुलास अक्षर येतें त्यानें वाचावें व इतरांनीं भोंवतीं बसून ऐकावें, असा हिशेब मनांत धरून हीं पुस्तकें रचिलीं आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं ‘निबंधमालें’त जोतीरावांच्या व्याकरणाची व भाषेची यथेच्छ टवाळी केली. शास्त्रीबोवांच्या लेखणीचें सामर्थ्य आम्ही मान्य करितों. मराठी गद्यास त्यांनीं दिलेलें वळण कोणी नाकारणार नाहीं. परंतु जें पुस्तक कानांसाठीं लिहिलें त्याची परीक्षा त्यांनीं डोळ्यांनीं केली. पाणिनीच्या तागडीत घालून तोलण्याची ती वस्तूच नव्हे. ग्रंथकर्त्याचे अनेक आरोप सरसकट आहेत, इतिहासाविषयींचीं त्यांचीं कित्येक अनुमानें आजच्या शोधापुढें टिकत नाहींत, हेंही आम्ही लपवीत नाहीं. तथापि ज्यांच्यासाठीं लिहिलें त्यांस तें समजलें कीं नाहीं, हा प्रश्न शास्त्रीबोवांनीं विचारिलाच नाहीं.

समजलें होतें, याचा पुरावा लवकरच मिळाला. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि मुंबईच्या कांहीं अनुयायांनीं समाजास छापखाना भेट दिला. १८७७ सालीं कृष्णराव भालेकर यांनीं ‘दीनबंधु’ पत्र काढिलें. १८८० सालापासून तें नारायण मेघाजी लोखंडे मुंबईहून चालवूं लागले.

येथें कोल्हापुराशीं संबंध असलेली एक हकीकत सांगणें प्राप्त आहे. येथील कारभारी बर्वे यांजवर ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं, छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाबद्दल कडक लेख लिहिले. बर्वे यांनीं अब्रूनुकसानीचा खटला भरला. लेखांस आधारभूत असलेलीं पत्रें बनावट ठरलीं, व १८८२ सालीं टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची कैद झाली. त्या खटल्यांत दहा हजारांच्या जामिनाची गरज पडली तेव्हां पुढें आले ते रामशेट उरवणे, जोतीरावांचे स्नेही. आणि त्यांस तयार केलें जोतीरावांनीं. आक्टोबर महिन्यांत हे दोघे डोंगरीच्या तुरुंगांतून सुटले तेव्हां सत्यशोधक मंडळींनीं त्यांचा सत्कार केला. मतानें विरुद्ध असलेल्या, पण लिहिल्याबद्दल तुरुंगांत गेलेल्या संपादकांस एका लेखकानें दिलेली ही ग्वाही होती. करवीरच्या गादीसाठीं त्यांनीं सोसलें, ही भावनाही त्यांत असावी.

आतां मुख्य गोष्ट. १८८३ सालीं जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. पांच प्रकरणें; जन्मापासून मरणापर्यंत व पाडव्यापासून शिमग्यापर्यंत शेतकऱ्यास धर्माच्या नांवाखालीं कसें नागवितात, कचेरींतील कारकून त्यास कसें पिळतात, गोरे अंमलदार ऐषआरामांत राहून डोळेझांक कशी करितात, कर्जानें त्याचें शेत कसें जातें, हें सर्व त्यांत आहे. शिवाय उपायही आहेत: पावसाचें पाणी अडवून जमिनींत मुरावें म्हणून जागोजाग ताली व बंधारे घालावे, फावल्या वेळीं लष्कर व पोलीस यांजकडून तीं कामें करून घ्यावीं, जनावरांची अवलाद सुधारावी, उत्तम पीक काढणाऱ्यास बक्षिसें द्यावीं, शेतकऱ्यांच्या मुलांस शेतीचें शास्त्र शिकवावें. पाणी अडविण्याची ही सूचना आज सरकारी योजनांच्या पुस्तिकांतून वाचावयास मिळते. ती जोतीरावांनीं तेव्हांच लिहून ठेविली होती.

हा ग्रंथ ‘दीनबंधु’त क्रमशः छापण्यास आरंभ झाला, आणि आरंभींचे भाग निघाल्यावर लोखंडे यांनीं तो थांबविला. आपल्याच पंथाच्या पत्रानें हात आंखडता घ्यावा याचा जोतीरावांस अतिशय राग आला, व तो त्यांनीं लिहून दाखविला. आम्हीही वर्तमानपत्राचाच धंदा करितों, म्हणून लोखंडे यांस एकदम भित्रे ठरविण्यास आमचें मन धजत नाहीं. गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळवून देण्यासाठीं झगडणारा, १८९० सालीं ती मिळवून दाखविणारा मनुष्य भित्रा कसा म्हणावा? परंतु पत्र जिवंत ठेवावयाचें या काळजीनें संपादक केव्हां केव्हां पत्र ज्यासाठीं काढिलें तीच गोष्ट बाजूस ठेवतो, हें आम्हांस स्वानुभवानें माहीत आहे. तो दोष त्या दिवशीं घडला.

मग जोतीरावांनीं काय केलें? ते हस्तलिखित घेऊन लोकांत गेले. मुंबई, पुणें, ठाणें, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी, कुरूळ, अशा शहरांत व खेड्यांत त्यांनीं तो ग्रंथ स्वतः वाचून दाखविला. ज्याच्या शेतसाऱ्याची व कर्जाची हकीकत वाचावयाची, तोच समोर बसलेला. एखादी गोष्ट चुकीची असती तर त्यानें तेथल्या तेथें हटकलें असतें. असल्या परीक्षेस बसण्याचें धैर्य किती ग्रंथकारांस असेल? बडोद्यास वीस वर्षांच्या तरुण सयाजीराव महाराजांनीं राज्यकारभारांतून सवड काढून तो ग्रंथ जोतीरावांच्या तोंडून ऐकिला, त्यांचा आदरसत्कार केला व द्रव्यसाहाय्य दिलें. जोतीरावांनीं प्रस्तावनेंत हें सारें नमूद केलें आहे. इतर ग्रंथकार आपल्या पुस्तकाच्या प्रारंभीं पंडितांचे अभिप्राय छापतात; जोतीरावांनीं तेथें गांवांचीं नांवें लिहिलीं, आणि ज्या पंक्तींत बडोद्याचे महाराज त्याच पंक्तींत हडपसर व ओतूर येथील कुणबी बसविले. हा त्यांचा अभिप्राय, आणि हेंच त्यांचें बक्षीस. अक्षरशत्रु श्रोत्यांनीं दिलेली ही दाद कोणत्याही मासिकांतील परीक्षणाहून त्यांस मोलाची वाटली, हें त्या यादीवरूनच दिसतें.

आमच्या गांवांत आजही पदरचे पैसे घालून पुस्तक छापणारे लेखक आहेत. पांचशें प्रती छापाव्या, शंभर स्नेह्यांस फुकट वांटाव्या, आणि उरलेल्या माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन कराव्या, असा त्यांचा साधारण क्रम असतो. त्यांस गुळाच्या अडत्यानें किंवा कापडवाल्यानें देणगी द्यावी असें आम्ही सुचवीत नाहीं. पण पुस्तक विकत घेतलें, रात्रीं दुकान बंद केल्यावर वाचलें, आवडलें किंवा एखाद्या ठिकाणीं खटकलें, तर तसें चार ओळींनीं लेखकास कळविण्यास काय खर्च येतो? मालाचा नमुना पसंत पडल्यास व्यापारी परत टपालीं उत्तर देतो. पुस्तकाचे बाबतींत मात्र वर्षें लोटलीं तरी उत्तर नाहीं. ज्यांस वाचतां येत नव्हतें त्या कुणब्यांनीं जोतीरावांस बसून ऐकिलें. आम्हांस वाचतां येतें.

दाद मिळाल्याची किंमत जोतीराव जाणून होते, म्हणून ती देण्यासही ते चुकले नाहींत. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक निघालें. एका विधवेस झालेल्या शिक्षेवरून पत्रांतून स्त्रीजातीवर जी आग पाखडली गेली, तिला हें उत्तर होतें. बाईनें पुरुषांस असें धारेवर धरावें हें कोणासच रुचलें नाहीं. खुद्द सत्यशोधकांतील पत्रकर्त्यांनींही तिची निंदा केली. जोतीरावांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकांत आपल्याच सहकाऱ्यांस सुनावून ताराबाईंची बाजू घेतली. त्या काळीं त्यांच्या बाजूनें उठलेला हा एवढाच ठळक आवाज. ताराबाईंचें दुसरें पुस्तक मात्र पुढें निघालें नाहीं. एका वाचकाची साथ एका लेखिकेस पुरली नाहीं, हें लिहितांना आम्हांस वाईट वाटतें.

त्याच वर्षीं न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरली, व जोतीरावांस निमंत्रण आलें. त्यांनीं नकाराचें पत्र पाठविलें. मनुष्याचे हक्क जे सर्वांस मोकळ्या मनानें देत नाहींत त्यांच्या ग्रंथांशीं आपल्या लोकांच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाहीं, असा त्याचा मतलब. रानड्यांचा हेतु शुद्ध होता याविषयीं आम्हांस शंका नाहीं, आणि जोतीराव सभेस गेले असते तर मराठी वाङ्मयाचा फायदाच झाला असता असेंही कोणी म्हणेल. परंतु ज्यानें तीस वर्षांपूर्वीं कमिटीचें दार ठोठावून पाहिलें होतें, आणि दोन वर्षांपूर्वीं ओतूरच्या श्रोत्यांपुढें बसून आपलें पुस्तक वाचिलें होतें, त्यास आपली सभा कोणती हें पुरतें माहीत होतें.

ती सभा ११ मे १८८८ रोजीं मुंबईस मांडवी कोळीवाड्यांत भरली. जोतीरावांस साठ वर्षें पुरी झाल्याबद्दल लोकांनीं त्यांचा सत्कार केला, व रावबहादुर वंडेकर यांच्या पुढाकारानें त्यांस महात्मा ही पदवी दिली. विद्यापीठ नाहीं, सरकार नाहीं. कामकरी व साध्या लोकांच्या जमावानें दिलेली पदवी ती, आणि आज त्यांचें नांव तिच्यावांचून कोणी घेत नाहीं.

पुढें दोनच महिन्यांनीं त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. डॉ. विश्राम घोले यांच्या उपचारांनीं जीव वांचला, पण पूर्वींची ताकद आली नाहीं. धंदा बसला, शिल्लक संपली. मामा परमानंद यांनीं त्यांच्या साहाय्यासाठीं सयाजीराव महाराजांस पत्र लिहिलें. अशा स्थितींत ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हें शेवटचें पुस्तक जोतीरावांनीं डाव्या हातानें लिहून पुरें केलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले. पुस्तक १८९१ सालीं त्यांचे दत्तक पुत्र यशवंतराव यांनीं छापिलें.

कोल्हापुरांत त्यांचा आवाज पोंचण्यास आणखी वीस वर्षें लागलीं. ११ जानेवारी १९११ रोजीं येथें सत्यशोधक समाजाची शाखा निघाली. भास्करराव जाधव तिचे चालक आणि शाहू महाराज तिचे पाठीराखे. ज्यांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली व १९१७ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढिला, त्याच राजानें बहुजनसमाजाच्या पत्रकर्त्यांस हात दिला. ऐकणाऱ्यांच्या मुलांस वाचतां येऊं लागलें तें त्यानंतर.

‘असूड’ जोतीरावांच्या हयातींत सबंध छापून निघाला नाहीं. धनंजय कीर व स. गं. मालशे यांनीं संपादिलेलें जोतीरावांचें समग्र वाङ्मय महाराष्ट्र सरकारच्या साहित्य-संस्कृति मंडळानें १९६९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत ‘असूडा’चीं पांचही प्रकरणें आहेत, आणि प्रस्तावनेंतील ती गांवांची यादीही आहे. हडपसरास जोतीरावांच्या तोंडून तो ग्रंथ ज्यांनीं ऐकिला त्यांपैकीं तोंपर्यंत बहुधा कोणीही उरला नव्हता.